वाचकांचे प्रश्न : पेडले फळीवर बसवावीत की सुटीच ठेवावीत?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात राहतो आणि गेली चार वर्षे हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझ्याजवळ वाह, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस आणि डिजिटल डिले अशी सहा पेडले (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची छोटी यंत्रे) आहेत. ती मी टॉवेलात गुंडाळून सॅकमधून नेतो आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या ठिकाणी नव्याने मांडून जोडतो. यंदा गणेशोत्सवात दहा दिवसांत आठ कार्यक्रम झाले. त्यांपैकी एका रात्री निवेदकाने माझ्या वादनाची घोषणा केली आणि गिटारमधून आवाजच येईना. पेडलांमधली एक छोटी केबल सैल झाली होती; ती सापडेपर्यंत कीबोर्डवाल्या दादांनी माझा तुकडा वाजवून वेळ मारून नेली. आमचे साउंडवाले काका म्हणतात, ‘सगळी पेडले एका बोर्डावर कायमची ठोकून टाक.’ ज्या सरांकडे मी गिटार शिकलो, ते म्हणतात, ‘पेडल एकदा चिकटवले की हात बांधले जातात, शिवाय पुढे विकताना किंमत येत नाही.’ दोघेही अनुभवी आहेत. मी कोणाचे ऐकावे?
– एक गिटारवादक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत : सहा पेडले आणि दहा दिवसांत आठ कार्यक्रम. मी निर्णय दुसऱ्या आकड्यावरून करीन. घरी बसून वाजवणाऱ्याकडे दहा पेडले असली आणि ती त्याने जमिनीवर पसरून ठेवली, तरी माझी हरकत नाही; पण ज्याला महिन्यातून दोन-चार वेळा अंधाऱ्या रंगमंचावर, मागून ‘आटपा, आटपा’ असा तगादा चालू असताना सगळे जोडायचे असते, त्याने पेडले तीनच्या वर गेली की ती एका फळीवर बसवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा तुमच्यापुरते उत्तर ‘होय, बसवा’ असेच आहे. मात्र काकांचे ‘कायमची ठोकून’ हे शब्द मला मान्य नाहीत आणि सरांच्या शंकेतही तथ्य आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी त्या रात्रीचा हिशेब मांडू. सहा पेडलांच्या साखळीत गिटारपासून पहिल्या पेडलापर्यंत एक केबल, पेडलांच्या मधल्या पाच पॅच केबली आणि शेवटच्या पेडलापासून अ‍ॅम्पपर्यंत एक, अशा सात केबली लागतात. म्हणजे चौदा टोके. त्यांत पेडलांना वीज पुरवणारी सहा टोके आणि भिंतीत खुपसायची एक पिन मिळवली, तर एकूण एकवीस जोड होतात. हे एकवीस जोड तुम्ही दहा दिवसांत आठ वेळा घाईने लावले आणि आठ वेळा त्याहून अधिक घाईने काढले. त्यांतला एक जोड एका रात्री सैल निघाला, यात नवल काहीच नाही. उरलेल्या सात रात्री नीट पार पडल्या याचेच मला कौतुक वाटते. पेडले फळीवर बसवलेली असली, म्हणजे कार्यक्रमाच्या ठिकाणी गिटारच्या केबलची दोन टोके, अ‍ॅम्पच्या केबलची दोन टोके आणि विजेची पिन एवढे पाचच जोड उरतात. बाकीचे सोळा घरी, उजेडात, सवडीने केलेले असतात आणि ते तसेच राहतात. शिवाय जॅकमध्ये पिन वारंवार घालण्या-काढण्याने आतली स्प्रिंगची पट्टी ढिली पडते आणि बाहेरची नट सैल होते. पेडल बिघडले असे जे आपण म्हणतो, त्यात इलेक्ट्रॉनिक भाग निकामी झाल्याचे प्रसंग कमी आणि जॅक सैल झाल्याचे जास्त, असे माझ्या पाहण्यात आहे.

आता सरांचे म्हणणे. ते शिकण्याच्या काळापुरते अगदी बरोबर आहे. पेडलांचा क्रम बदलला की आवाज बदलतो, आणि हा बदल कानाने ओळखायला शिकण्यासाठी पेडले सुटीच हवीत. डिले (प्रतिध्वनी देणारे पेडल) डिस्टॉर्शनच्या (सूर खरखरीत करणाऱ्या पेडलाच्या) आधी ठेवला, तर प्रतिध्वनीसुद्धा डिस्टॉर्शनमधून जातात आणि सुरांचा गाळ होतो. नंतर ठेवला, तर डिस्टॉर्शन झालेला सूर जसाच्या तसा, सुटसुटीतपणे पुन्हा ऐकू येतो. वाह (पायाने वर-खाली हलवून सूर ‘वा-वा’ असा करणारे पेडल) डिस्टॉर्शनच्या आधी असेल, तर तो बोलल्यासारखा वाटतो; नंतर असेल, तर त्याचा फेरा फार रुंद आणि काहीसा अंगावर येणारा होतो. कोणते चांगले, हे गाण्यावर ठरते. पण तुम्ही चार वर्षे तेच काम करीत आहात, आणि माझा अंदाज असा, की वाह, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले हा तुमचा क्रम गेल्या कित्येक महिन्यांत बदललेला नाही. जो क्रम तुम्ही न ठरवताही दर वेळी तसाच लावता, तो फळीवर गेला तर तुमचे हात बांधले जात नाहीत.

तरीही फळी आणण्याची घाई करू नका. महिनाभर पेडले हार्डबोर्डच्या तुकड्यावर किंवा घरातल्या सोलापुरी चादरीवर मांडा. चादरीच्या नक्षीतल्या सरळ रेघा मोजपट्टीसारख्या उपयोगी पडतात आणि पेडल किती सरकले हे लगेच दिसते. बहुतेक पेडलांत गिटारचा संदेश उजवीकडून आत येतो आणि डावीकडून बाहेर पडतो, त्यामुळे साखळी उजवीकडून डावीकडे मांडत न्यावी. वाह साखळीत पहिला असल्यामुळे तो आपोआप उजव्या पायाखाली येतो, ही सोयच आहे. जी पेडले गाण्याच्या मध्येच दाबावी लागतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, ती पुढच्या ओळीत असावीत. जी एकदा चालू केली की गाणे संपेपर्यंत तशीच राहतात, ती मागे चालतील. हे सारे बूट किंवा चप्पल घालून, उभे राहून, गिटार गळ्यात अडकवून पाहावे. बैठक मारून मांडलेली पेडले उभ्याने कधीच जमत नाहीत; चपलेचे टोक शेजारच्या बटणाला लागते आणि ऐन मुखड्यात डिलेची वेळ बदलते.

मांडणी ठरल्यावर लोक थेट फळीकडे वळतात. मी तुम्हाला आधी विजेकडे वळायला सांगेन, कारण फळी, पट्टी आणि स्क्रू ही सारी सुताराची कामे आहेत, तर रंगमंचावरचे निम्मे त्रास विजेतून येतात. बॉस या कंपनीची छोटी पेडले १९७७ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून आजवर त्या घडणीचा प्रभाव इतका पसरला आहे, की बहुसंख्य पेडले ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या विजेच्या टोकाचा मधला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. घरात पडून असलेल्या जुन्या राऊटरचा अडॅप्टर दिसायला अगदी तसाच असतो, टोकही बसते, पण बहुधा त्याचा मधला भाग धन असतो, आणि पुष्कळदा तो १२ व्होल्टचा असतो. एक कोरस मी स्वतः असाच जाळला आहे. दोष सर्वस्वी माझा होता, कारण अडॅप्टरवर छापलेली ती इवलीशी आकृती पाहायला मला चष्मा काढायचा कंटाळा आला होता. तुम्ही कंटाळा करू नका. पेडलाच्या तळाशी किंवा माहितीपत्रकात किती मिलिअँपिअर वीज लागते तेही लिहिलेले असते. वाह आणि ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन यांसारखी साधी अ‍ॅनालॉग पेडले साधारणतः दहाच्या आतबाहेर घेतात, कोरसला थोडी जास्त लागते, आणि डिजिटल डिलेसारखे पेडल एकटेच साठ-सत्तरपासून शंभराच्या पुढे जाऊ शकते. सर्वांची बेरीज करावी आणि अडॅप्टर त्या बेरजेपेक्षा बराच अधिक क्षमतेचा घ्यावा. क्षमता जास्त असल्याने पेडलाचे काही बिघडत नाही, कारण पेडल आपल्याला हवी तेवढीच वीज ओढते. व्होल्ट मात्र जितके लिहिले आहेत तितकेच हवेत.

एकाच अडॅप्टरला सहा तोंडांची माळ लावून सर्व पेडले चालवता येतात आणि पुष्कळ जण तसेच करतात. तुमच्याकडच्या पहिल्या पाचांना ते चालून जाईल. अडचण डिलेची आहे. डिजिटल पेडलातले घड्याळाचे स्पंद विजेच्या सामाईक तारेतून शेजारच्या पेडलांत शिरतात आणि डिस्टॉर्शन चालू केले की तीच बारीक शिट्टी किंवा किरकिर मोठी होऊन स्पीकरमधून ऐकू येते. यावर उपाय म्हणजे ज्याची प्रत्येक तोटी दुसरीपासून विद्युतदृष्ट्या अलग आहे असा वीजपुरवठ्याचा डबा. तो महाग असतो, बहुधा फळीपेक्षाही महाग. परवडत नसेल, तर डिलेला स्वतंत्र अडॅप्टर द्या आणि उरलेल्या पाचांना माळ लावा. बहुतेक वेळा एवढ्याने किरकिर थांबते. ट्रान्सफॉर्मर असलेला डबा घेतलात, तर तो वाहपासून शक्य तितका दूर बसवा. वाहच्या पोटात तारेचे वेटोळे असते आणि ते शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडून गुणगुणू लागते. पेडले सुटी असताना हा त्रास कधी जाणवत नाही, कारण अडॅप्टर दूर भिंतीत असतो. फळीवर सगळे शेजारी-शेजारी आले की तो सुरू होतो. पेडले बसवण्याच्या विरोधात मला सुचणारा हाच काय तो खरा तांत्रिक मुद्दा, आणि तोही वीतभर अंतर ठेवल्याने बहुधा सुटतो.

बॅटरीवर चालणारी पेडले फळीवर बसवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. इनपुट जॅकमध्ये पिन घातली, की पेडलाचा दिवा बंद असला तरी बॅटरीचे मंडल पूर्ण होते आणि ती झिजू लागते. सुट्या पेडलांच्या केबली कार्यक्रम संपला की निघतात, म्हणून बॅटरी वाचते. फळीवरच्या पॅच केबली चोवीस तास लागलेल्याच असतात. साध्या ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास एवढा साठा धरला, तर दहा मिलिअँपिअर घेणारे पेडल ती दोन दिवसांत संपवते, आणि डिजिटल डिले तर एका रात्रीत. म्हणून पेडले बसवण्यापूर्वी आतल्या बॅटऱ्या काढून टाकाव्यात. विसरून राहिलेली बॅटरी पुढे गळते आणि पेडलाचा तळ खाते, ते वेगळेच.

गणपतीच्या मांडवात वीज कोठून कशी आलेली असते, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, आणि ‘हूं’ असा जो खर्जातला आवाज येतो तो याच ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा असतो. तो घालवण्यासाठी एक्स्टेन्शन बोर्डाच्या पिनेचा अर्थिंगचा दांडा काढून टाकायचा ‘उपाय’ कोणी सुचवला, तर त्याला हात जोडून नकार द्या. अर्थिंग तुटले आणि अ‍ॅम्पमध्ये काही दोष असला, तर गिटारच्या तारांवर बोटे आणि माइकवर ओठ अशा स्थितीत तुमच्या अंगातून वीज वाहू शकते. गुणगुण आली तर गाणे थोडे बिघडेल इतकेच. फळीवर स्वतःची तीन पिनांची, तीन-चार मीटर लांब एक्स्टेन्शन वायर कायम गुंडाळून ठेवा आणि ती जिथे अ‍ॅम्पची पिन आहे त्याच बोर्डात लावा. गिटारवाल्याचा अ‍ॅम्प एका ओळीवर आणि पेडले दुसऱ्या ओळीवर असली, की गुणगुण पुष्कळदा तेथूनच उगवते.

आता फळी. तयार बोर्ड मागवता येतात आणि ते चांगले असतात, पण सोलापुरात ते करून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी करणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेटरला आकार काढून दिलात, तर तो तासाभराचे काम म्हणून करून देईल. बॉसच्या घडणीचे पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर लांब असते. एका ओळीत तीन पेडले, दोन पेडलांच्या मध्ये काटकोनी पिना बसतील एवढी सुमारे ३० मिलिमीटरची जागा, उजव्या टोकाला वाह आणि दोन्ही कडांना पिनेपुरती सवड, असा हिशेब केला, तर तुमच्यासाठी सुमारे ५० सेंटीमीटर रुंद आणि ३२ सेंटीमीटर खोल एवढी चौकट पुरते. वाह साधारण २५ सेंटीमीटर लांब असतो, त्यामुळे तो दोन्ही ओळींची खोली एकटाच व्यापतो आणि उरलेली पाच पेडले मागे तीन, पुढे दोन अशी सहज मावतात. अखंड पत्र्याऐवजी आडव्या चार पट्ट्या टाकून घ्या, म्हणजे केबली पट्ट्यांच्या फटीतून खाली नेता येतात. आणि मागची बाजू पाच-सहा सेंटीमीटर उंच करून घ्या, म्हणजे मागच्या ओळीकडे पाय नेताना पुढच्या पेडलांच्या खुंट्या फिरत नाहीत आणि खालच्या पोकळीत विजेचा डबा बसतो. प्लायवुडची फळीही चालते, पण १२ मिलिमीटरचे प्लायवुड आणि सहा पेडले मिळून वजन बरेच होते. एका पेडलाचे वजनच सुमारे ४०० ग्रॅम असते, वाहचे त्याहून कितीतरी जास्त; आणि बार्शी किंवा अक्कलकोटचा कार्यक्रम आटपून रात्री दोन वाजता टेम्पोत सामान चढवताना हे सगळे तुमच्याच खांद्यावर असते.

पेडल फळीला धरून ठेवण्यासाठी वेल्क्रो हा सर्वांत रूढ मार्ग आहे. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला ही कल्पना आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली आणि १९५० च्या दशकात त्याने तिचे पेटंट घेतले. एका पट्टीवर बारीक आकडे, दुसरीवर धाग्यांचे वेढे. आपल्या गावाला ही रचना परकी नाही, कारण सोलापूरच्या टेरी टॉवेलच्या अंगावर असतात ते वेढे याच जातीचे. प्रघात असा, की मऊ वेढ्यांची पट्टी फळीला आणि आकड्यांची पट्टी पेडलाला लावावी. तो पाळावा, म्हणजे कधी दुसऱ्याच्या बोर्डावर तुमचे पेडल लावायची वेळ आली तर ते बसते, आणि फळीविना नुसते पेडल घेऊन गेलात, तर आकडे रंगमंचावरच्या गालिच्याला धरून बसतात. अशा पेडलाला मात्र टॉवेलात गुंडाळू नये. टॉवेलचे धागे निघतात आणि घरचे लोक रागावतात.

किमतीबाबत सरांची भीती अर्धी खरी आहे. पेडलाच्या तळाला जाड रबराची चादर असते. तिच्यावर वेल्क्रोचा डिंक नीट धरत नाही, म्हणून लोक ती सोलून टाकतात आणि तिच्याबरोबर कधी कधी अनुक्रमांकाची चिठ्ठीही फाटते. विकत घेणारा मग तोंड वाकडे करतो, हे खरे. तुम्हाला पुढे विकायचे असेल, तर रबर न सोलता दुसरा मार्ग घ्या : सायकल दुरुस्तीवाल्याकडून जुन्या साखळीच्या कड्या मागून आणा, पेडलाच्या तळाचे चार कोपऱ्यांतले स्क्रू काढून त्याच स्क्रूंखाली एकेक कडी बसवा आणि कडीच्या दुसऱ्या छिद्रातून फळीत स्क्रू मारा. पेडल तसूभर हलत नाही आणि सोडवले की जसेच्या तसे मिळते. तळाचा स्क्रू थोडा लांबीचा लागला तर आतल्या सर्किटला टेकत नाही ना, एवढे पाहावे. काकांना ठोकायचेच असेल, तर त्यांनी एवढेच ठोकावे.

केबलींविषयी थोडेच. दोन पेडलांमधली पॅच केबल १५ सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना काटकोनी पिन असलेली घ्यावी. ती ताणलेली नसावी आणि तिची वेटोळीही करावी लागू नयेत. गिटारची आणि विजेची वायर एकत्र बांधू नये. एकमेकींना ओलांडायचे असेल तिथे काटकोनात ओलांडू द्यावे. आवाजाचा कोरडेपणा किंवा मंदपणा याविषयी लोक फार वाद घालतात. गिटारच्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते, तेव्हा पाच मीटर इकडची, पाच मीटर तिकडची आणि मधल्या पॅच केबली मिळून हजाराच्या पुढे जाते आणि वरचे सूर झाकोळतात. साखळीत एखादे बफर (संदेशाला जोर देऊन पुढे पाठवणारे छोटे सर्किट) असलेले पेडल असले, म्हणजे हा प्रश्न सुटतो, आणि बॉसच्या बहुतेक पेडलांत ते असतेच. सगळी पेडले ट्रू बायपासची, म्हणजे बंद असताना संदेश बफरविना सरळ पुढे जाऊ देणारी, असतील, तरच वेगळ्या बफरचा विचार करावा.

बसवण्याचा अतिरेक कुठवर जाऊ शकतो, हेही सांगून ठेवतो. इंग्लंडचे पीट कॉर्निश यांनी १९७० च्या दशकापासून ‘पिंक फ्लॉइड’ या बँडच्या डेव्हिड गिल्मूर यांच्यासारख्या गिटारवादकांसाठी जे बोर्ड तयार केले, त्यांत पेडलांची सर्किटेच एका मोठ्या पेटीत कायमची बसवलेली असत. सुटे काढण्यासारखे काही उरतच नसे. जगभर दौरे करणाऱ्याला, सोबत तंत्रज्ञ असलेल्याला ते योग्य होते. तुमचे एक पेडल बिघडले तर ते काढून बाजूला ठेवता आले पाहिजे आणि उरलेली पाच त्याच रात्री वाजली पाहिजेत. म्हणून माझा कल वेल्क्रोकडे किंवा सायकलच्या कडीकडे आहे, कायमच्या खिळ्याकडे नाही.

एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण प्रामाणिकपणे तो सांगितला पाहिजे. एका रात्रीत तीस गाणी आणि प्रत्येक गाण्याला वेगळा आवाज, अशी ऑर्केस्ट्राची गरज असेल, तर एकच मल्टी-इफेक्ट्स यंत्र सहा पेडलांपेक्षा सोयीचे पडते : एक वायर, एक बटण आणि गाण्याचा आवाज आधी साठवलेला. मला स्वतःला सुट्या पेडलांच्या खुंट्या हाताने फिरवायला आवडतात, तो छंद आहे असे समजा. तुम्ही चार वर्षे पेडलांवर काढली, यावरून तुम्हीही त्याच वाटेचे दिसता.

आणि राहिला तो घोषणेनंतरचा शांततेचा क्षण. फळी केल्यावरही तो कधीतरी येणारच. अशा वेळी वाकून कोणती केबल सैल आहे हे शोधत बसू नका. फळीच्या उजव्या टोकाची गिटारची पिन आणि अ‍ॅम्पमधली पिन काढा, गिटारची केबल थेट अ‍ॅम्पमध्ये घाला आणि साध्या आवाजात वाजवायला सुरुवात करा; बिघाड मध्यंतरात शोधता येतो. त्यासाठी गिटारची केबल अ‍ॅम्पपर्यंत पोहोचेल इतकी, निदान सहा मीटर, असली पाहिजे. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहाच्या मोठ्या रंगमंचावर अ‍ॅम्प मागे असतो आणि वादक पुढे, तेव्हा त्याहूनही लांब घ्यावी. घरी याचा दहा वेळा सराव करा. मी घड्याळ लावून पाहिले आहे; बारा-पंधरा सेकंद पुरतात, आणि तेवढ्यात कीबोर्डवाले दादा तुमचा तुकडा सुरू करू शकत नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी अकरावीत आहे आणि दीड वर्षापासून गिटार शिकते. तिच्याकडे तीन पेडले आहेत. ती घरी आणि क्लासमध्येच वाजवते. वर्षातून एकदा क्लासचा कार्यक्रम असतो. तिला तयार पेडलबोर्ड आणि त्याबरोबरचा वीजपुरवठ्याचा डबा हवा आहे. दोन्हींची मिळून किंमत तिच्या गिटारएवढी होते. घेऊन द्यावा का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : एवढ्यात नको. तिचा हट्ट समजू शकतो, कारण फळीवर ओळीने बसलेली पेडले फार सुंदर दिसतात आणि इंटरनेटवरचे सगळे वादक तशीच दाखवतात. पण तिचे वय क्रम बदलून पाहण्याचे आहे. डिले आधी, डिले नंतर, असे तिने शंभर वेळा करून पाहावे, आणि त्यासाठी पेडले जमिनीवरच बरी. वर्षातून एका कार्यक्रमासाठी स्वयंपाकघरातला काठ नसलेला मोठा ट्रे किंवा कपाटाची जुनी फळी आणि वेल्क्रोचा हातभर तुकडा पुरेल. तिला खरोखर काही घेऊन द्यायचे असेल, तर चांगल्या प्रतीच्या दोन पॅच केबली आणि पेडलांसाठीच बनवलेला एक ९ व्होल्टचा अडॅप्टर द्या. हे दोन्ही पुढे बोर्ड घेतला तरी वाया जात नाहीत. ती एखाद्या गटात वाजवू लागली, महिन्याला दोन-तीन कार्यक्रम होऊ लागले आणि पेडले तीनच्या वर गेली, की पुन्हा विचार करा. तेव्हाही आधी वीजपुरवठ्याचा डबा घ्या, फळी नंतर. आणि तोपर्यंत तिने पैसे साठवले, तर त्यात आपण निम्मी भर घालावी, असे सुचवतो. हे मात्र पेडलांविषयीचे मत नाही, एका बापाचे आहे.

प्रश्न : मी बेस गिटार वाजवतो. गेल्या एप्रिलमध्ये कार्यक्रमाच्या दिवशी दुपारभर बोर्ड गाडीच्या डिकीत राहिला. संध्याकाळी पाहिले तर वेल्क्रोचा डिंक वितळून पेडले घसरली होती आणि तळाला काळपट चिकटा लागला होता. आता पुन्हा वेल्क्रोच लावावे का?
– एक बेसवादक, सोलापूर

उत्तर : सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो आणि बंद डिकीत त्याहून बरेच जास्त तापते, तेव्हा साध्या स्वस्त पट्टीच्या डिंकाने हात टेकले यात वेल्क्रोचा दोष नाही. चिकटा काढण्यासाठी मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसा. थिनर वापरू नका, त्याने पेडलाचा रंग आणि अक्षरे जातात. तळ पूर्ण कोरडा झाल्यावर चांगल्या प्रतीची, औद्योगिक वापराची पट्टी लावा, ती अंगठ्याने जोर देऊन दाबा आणि पूर्ण एक दिवस तिच्यावर भार टाकू नका. बहुतेक लोक पट्टी लावून तासाभरात पेडल बसवतात आणि लगेच उपटूनही पाहतात. डिंक पक्का व्हायला त्यामुळे वेळच मिळत नाही. तुमच्याकडे दोनच पेडले असतील, तर मी वेल्क्रोऐवजी वर सांगितलेल्या सायकलच्या कड्याच बसवीन, कारण लोखंडाला ऊन लागत नाही. ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग आहेत, त्यांनी आणखी एक करावे : कापसाचा बारीक भुगा वेल्क्रोच्या आकड्यांत अडकतो, पकड ढिली होते आणि तोच जॅकमध्येही शिरतो. बोर्ड झाकून ठेवावा, आणि झाकायला टेरी टॉवेल न घेता साधा सुती पंचा घ्यावा.